तुळशीच्या डब्यातली तार

दुपारी तीनला लाइट गेली, आली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा लोटूच्या श्वासाच्या मशीनचा अडॅप्टर जळालेला होता.

सरलाबाई पलंगाशेजारी जमिनीवर आडवी झाली होती. मशीनची घुरघुर चालू असली की तिला झोप लागे आणि घुरघुर थांबली की जाग येई. सुरतेत आल्यापासून तिच्या कानांना हेच वळण लागलं होतं. पूर्वी खोलीमागेच कापडाचे सांचे, म्हणजे यंत्रमाग, चालत. ते एकदम थांबले की चाळीतल्या सगळ्या बायका उठून बसत. ती उठून बसली. खोलीत करपलेल्या प्लास्टिकचा वास होता. पलंगावर तिचा नवरा लोटू दोन्ही हातांनी तोंडावरचा मास्क ओढत होता. तिने त्याच्या डोक्यामागचा पट्टा सोडवला, त्याला उशीला टेकवून बसवला आणि पदराने वारा घालू लागली. बाहेर वैशाखाचं ऊन समोरच्या इमारतीवर नुसतं उभं होतं.

लोटूने उभा जन्म सांच्यावर काढला. सांच्यांच्या खात्यातली धूळ आणि बिडी, दोघींनी मिळून त्याची छाती खाल्ली. आत घेतलेली हवा नीट बाहेर पडत नाही, आतच राहून खराब होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून हे भाड्याचं मशीन. रात्रभर आणि दुपारी थोडा वेळ. घरी सोडताना डॉक्टरांनी सरलाबाईला आणखी एक गोष्ट शिकवली होती. बस थांबवताना करतो तसे दोन्ही हात पुढे धरायला सांगायचे. पंजे पाखरासारखे फडफडले आणि माणूस झोपेतल्यासारखं बोलू लागला, तर घरी थांबायचं नाही. पहिले काही दिवस ती रोज त्याला हात पुढे धरायला लावी. लोटू म्हणायचा, बस काही येत नाही, हात मात्र दुखतात. पुढे ते राहून गेलं.

सून वैशाली साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम बाजूला सारून उठली आणि तिने कतारगामच्या दुकानाला फोन लावला. मशीन तिथूनच आणलं होतं. अडॅप्टर अहमदाबादहून मागवावा लागेल, तीन-चार दिवस जातील, तोवर बाजारातला कुठलाही लावू नका, पेशंटला दवाखान्यात ठेवा, असं तिकडच्या बाईने सांगितलं.

दवाखान्याचं नाव काढताच लोटूने मान हलवली. मागच्या खेपेला तो मास्क सारखा काढतो म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. पट्टीच्या कापडाने, सैलच, पण बांधले होते. सगळ्या वॉर्डादेखत. ज्या हातांनी तुटलेला धागा डोळे मिटून जोडला, ते हात. त्याबद्दल तो घरी एकदाही बोलला नाही, पण दवाखाना म्हटलं की मनगटं चोळू लागे.

ती रात्र त्याने बसून काढली. मुलगा वाल्मिक कामरेजला रात्रपाळीला होता आणि आठवडाभर तिकडेच राहणार होता. सकाळी दार वाजलं तेव्हा सरलाबाईच्या बहिणीचा मुलगा भाईदास उभा होता, निरोप मिळताच पाळीवरून थेट आलेला, केसांत तंतू, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा.

भाईदास खात्यात फिटर होता. सांच्यावर नक्षी काढणाऱ्या जेकार्डची पाटी बिघडली की शेटला त्याचीच आठवण येई. त्याने कागद सोडला. आतून चोवीस व्होल्ट देणारी जाळीदार पत्र्याची एक पेटी निघाली, विटेपेक्षा थोडी लहान.

"मावशी, चोवीस म्हणजे चोवीस," तो म्हणाला. "जेकार्डले बी चोवीस लागस, मावसाले बी चोवीसच."

"मावसा काय जेकार्ड शे का?"

"जेकार्डना मान जास्त शे. त्यानाकरता शेट गाडी धाडस."

लोटू दम लागलेला असूनही हसला. मग कोणी काही विचारलं नाही. भाईदासने जळक्या अडॅप्टरची पिन कापून नव्या पेटीच्या तारांना जोडली, टेप गुंडाळली. पेटी ठेवायची कुठे, हा विचार त्याने केलाच नाही. खात्यात जी वस्तू येते ती सांच्याच्या लोखंडाला आवळतात. तिथे लोखंडालाच अर्थिंग असतं. त्याने खिशातून दोन नटबोल्ट काढले आणि पेटी पलंगाच्या उशाकडच्या लोखंडी पट्टीला आवळून टाकली.

बटण दाबलं. मशीनवरचा हिरवा दिवा लागला, घुरघुर सुरू झाली. लोटूने मास्क स्वतःच्या हाताने चढवला.

जाण्याआधी भाईदासने टेस्टर लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. पलंगाजवळचा बोर्ड आधीच्या भाडेकरूने ओढून घेतलेला. भोकं तीन, मागे तारा दोनच. अर्थिंग नव्हतं. या पेटीला ते लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

अर्थिंग म्हटल्यावर सरलाबाईचा चेहरा उजळला, कारण ही गोष्ट तिला येत होती. शिंदखेड्याकडच्या गावी सासऱ्याच्या विहिरीवर मोटार होती. मोटारीजवळ खड्डा, खड्ड्यात मीठ आणि कोळसा, त्यात गाडलेली तार. नवी नवरी असताना वैशाखात रोज सकाळी त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं काम तिच्याकडे होतं. पाणी पडलं की जमीन बुडबुड करत प्यायची. सासरा म्हणायचा, जमीन तहानेली राहिली तर मोटार चावते.

"पन खड्डा कोठे खंदू?" ती म्हणाली. "खाले दुसरास्ना घर शे."

तिची नजर गॅलरीच्या लोखंडी जाळीत ठेवलेल्या रंगाच्या डब्याकडे गेली. त्यात तुळस होती. माती गावचीच, मागच्या दिवाळीला पिशवीत भरून आणलेली. भाईदासने क्षणभर डोकं खाजवलं. रात्रभर उभा राहिलेला माणूस. माती ती माती, तो म्हणाला, आणि त्याने पेटीतून हिरवी तार काढून गॅलरीपर्यंत नेली. तारेचं टोक डब्यात खोचायचं काम सरलाबाईने स्वतः केलं. बोटाने भोक पाडलं, मूठभर खडेमीठ टाकलं, जुन्या शेगडीतला कोळसा फोडून घातला, तार रोवली, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि सवयीने हात जोडले.

त्या दुपारी लोटू झोपला तसा कित्येक महिन्यांत झोपला नव्हता. पंखा गरम हवा ढवळत होता. दूरवरून, खाडीपलीकडून असावी, सांच्यांची खडखड वाऱ्यासरशी येई आणि विरून जाई. सरलाबाई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

हात थरथरत होता. बाहेरून दिसत नव्हतं. कातडीच्या आत कुठेतरी बारीक, एकसारखी झिणझिण चालली होती आणि ती तिच्या बोटांत उतरत होती.

तिने हात काढला नाही. ही थरथर तिच्या ओळखीची होती. लग्नानंतर सुरतेत आली तेव्हा लोटू बारा तास सांच्यावर उभा राहून येई, जेवून आडवा होई, आणि झोपेतही त्याचे हात असेच चालू राहत. अंधारात ती ते हात धरून पडायची. पहिल्यांदा भ्याली होती. मग तिला त्याशिवाय झोप येईना. काम सुटल्यावर हात थंडावले, आणि तेव्हापासून दोघं एका खोलीत असूनही कोणी कोणाचा हात धरला नव्हता.

"वाल्मिकनी माय," मास्कच्या आतून लोटू म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "सांचा चालू शे."

"कोणता सांचा?"

"मना. खिडकीकडला. धागा एकदाबी तुटना नही."

तिने तिचं डोकं उशाच्या पट्टीला टेकवलं. ती पट्टीसुद्धा झिणझिणत होती. तिला वाटलं, सगळा पलंगच हळूहळू कुठेतरी चालला आहे, तापी ओलांडून, उसाच्या शेतांवरून, आणि आपणही त्यावर बसलो आहोत. चलथाणच्या साखर कारखान्याचा मळीचा वास आल्यासारखा वाटला. मग तिला झोप लागली.

पुढचे दोन दिवस असेच गेले. सरलाबाई सकाळी उठून तुळशीला पाणी घाली, दुपारीही घाली. लोटू मशीन काढून ठेवायला तयार नसे. जेवणापुरता मास्क काढी आणि पुन्हा चढवी. बोलताना तो खात्यात असल्यासारखं बोले. कोणाला तरी बॉबिन आणायला सांगे, कोणावर तरी हसे. कापडाचा ताका उतरला का, असं त्याने वैशालीला विचारलं. सासऱ्याचं मन राखत ती म्हणाली, उतरला मामा. सरलाबाईला हे सगळं चांगलंच वाटत होतं. माणूस सुखात आहे, असं तिने भाईदासला फोनवर सांगितलं. तुळशीची पानं मात्र पिवळी पडू लागली होती. ऊनच तसं आहे, ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशाली ओल्या पायांनी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. जाळीला हात लागताच तिने बादली सोडली. पाणी खोलीभर पसरलं.

"आत्याबाई, जाळी चावते."

सरलाबाई आली. तुळशीला नुकतंच पाणी घातलं होतं; पत्र्याचा डबा बाहेरूनही ओला होता. तिने बोटाची पाठ जाळीला लावली. मुंग्या आल्या.

"काम करी ऱ्हायनी ती," ती समाधानाने म्हणाली. "अर्थिंग जिवंत शे."

वैशालीने सांडलेले कपडे उचलून खुर्चीवर टाकले, सासू स्वयंपाकघरात गेल्यावर पेटीचा, पट्टीचा आणि तुळशीच्या डब्याचा फोटो काढला आणि कतारगामच्या दुकानाला पाठवला. फोन लगेच आला. तिकडच्या बाईने नाव सांगितलं, तेजस्विनी. ती म्हणाली, आधी भिंतीवरचं बटण बंद करा, बटण बंद केल्याशिवाय पलंगाला आणि पेशंटला हात लावू नका, मी निघाले आहे.

सरलाबाई बटणापुढे उभी राहिली.

"मशीन बंद करं ते श्वास कोन देई? ती देई का?"

"आत्याबाई, ती म्हणते, करंट आहे."

"तीन दिन व्हयनात. करंट ऱ्हाता तर समजता नही?"

वैशालीने तिच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण बंद केलं. सुनेने सासूच्या अंगावरून असा हात घालण्याची ही पहिली वेळ होती. दोघींनाही ते जाणवलं. घुरघुर थांबली. लोटूने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाइट गई?"

तेजस्विनी स्कूटरवरून आली. जिन्याने धापा टाकत वर आली, पण आत पाऊल टाकण्याआधी फरशी ओली आहे ते तिने पाहिलं आणि फडकं मागितलं. तिशीची असेल. वडील सुरतेतच बँकेत होते, तिची मराठी इथलीच, शाळेतली, मध्येच गुजराती होणारी. आधी तिने लोटूच्या बोटाला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावून आकडा पाहिला. मग पेटीपाशी वाकली, हिरव्या तारेमागून गॅलरीतल्या तुळशीच्या डब्यापर्यंत गेली. तोवर भाईदासही आला होता. डोळे लाल, झोपेतून उठवलेला.

"कोणी केलं हे?" तिने विचारलं.

"मी," सरलाबाई म्हणाली. भाईदासनेही तेच सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

तेजस्विनी रागावली नाही. तिने डबा दोन्ही हातांनी उचलून दाखवला. "मावशी, ही माती जमिनीला कुठे लागलीय? डब्यात आहे. डबा जाळीत, जाळी भिंतीत. वीज जमिनीत जायची सोडून जाळीत, पलंगात येऊन बसली. तुम्ही पाणी घातलंत तशी जास्तच."

सरलाबाईने डब्याच्या तळाकडे पाहिलं. तळ कोरडा, गंजलेला. खाली हवा, आणि हवेखाली दोन मजले दुसऱ्यांची घरं.

"पण मुंग्याच येतस, बेन," भाईदास म्हणाला. "खात्यात तर रोजच्या मुंग्या. जेकार्ड या पेटीवर चार वर्षं चाललं."

"चालेल ना. आकडा दोघांचाही चोवीसच. फरक आतल्या भिंतींचा आहे. माणसाच्या मशीनच्या पेटीत घरची वीज आणि माणूस यांच्यामध्ये दोन भिंती घालतात. एक पडली तरी दुसरी उभी राहते. हिच्यात एकच आहे आणि ती अर्थिंगच्या भरवशावर. आज मुंग्या आहेत. ती एक भिंत पडली की मुंग्या राहणार नाहीत." तिने लोटूकडे बोट दाखवलं. "आणि सांच्याला करंट लागला तर कारागीर हात झटकून बाजूला होतो. काका कुठे होणार बाजूला? ते त्याला बांधलेले आहेत."

बांधलेले, हा शब्द लोटूने ऐकला. तो मनगट चोळू लागला.

अहमदाबादहून निघालेलं पार्सल अजून आलं नव्हतं, दुकानात दुसरा अडॅप्टर नव्हता. दवाखान्यात ठेवलेलं बरं, असं ती पुन्हा म्हणाली. लोटूने मान फिरवली. मग तिने दुसरा मार्ग सांगितला. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या तर मशीन त्यावर चालेल. बॅटरी भिंतीला जोडलेलीच नाही, तर भिंतीतली वीज माणसापर्यंत येणार कुठून. फक्त मशीन चालू असताना चार्जर लावायचा नाही. उतरली की काढायची, बाहेर नेऊन भरायची. भाईदास ऐकत होता. तो एकदम उठला. खालच्या ई-रिक्षावाल्याकडे बॅटऱ्या होत्या, आणि त्याच्यावर भाईदासचे उपकारही होते. जाताना त्याने पेटीचे नट सोडले आणि ती बगलेत मारली.

"मावशी, जेकार्डले परत देस," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

बॅटऱ्या आल्या. जोडणी तेजस्विनीने स्वतः तपासली, टोकं झाकली, बॅटऱ्या पलंगापासून दूर लाकडी पाटावर ठेवल्या. हिरवा दिवा लागला, घुरघुर सुरू झाली. जाताना दारात तिने सरलाबाईला विचारलं, काका असे झोपेत बोलतात का नेहमी. सरलाबाई म्हणाली, हो, दोन-तीन दिवस, खूश आहेत. तेजस्विनीने काहीतरी विचार केला. आकडा फार वाईट नाही, पण हा आकडा सगळं सांगत नाही, खराब हवा किती साठली ते यात दिसत नाही, ती म्हणाली. लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर माझी वाट पाहू नका.

ऊन उतरलं. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून ते पिवळं होत वर सरकलं आणि टाक्यांवर जाऊन बसलं. सरलाबाईने तुळशीच्या डब्यातून तार ओढून काढली. मुळांना मिठाचे पांढरे दाणे चिकटलेले होते. तिने ते बोटांनी एकेक काढले, जमतील तेवढे. मग डबा खाली जमिनीवर नेऊन ठेवावा असं तिला वाटलं, पण खाली सगळं सिमेंटच होतं.

आत लोटू डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता.

"सांचा थांबी गया," तो म्हणाला.

"थांबना नही. मशीन चालू शे."

"थांबना. कोनी बंद कया?"

पलंगाच्या पट्टीवर तिने तळवा ठेवून पाहिला. लोखंड थंड, मुकं. माणसाचा जीव वाचवण्यासाठी त्याचं सुख काढून घ्यावं लागतं, हे तिला पटत होतं; पण ते सुख तिचंही होतं, आणि हे ती कोणाला सांगणार. ती कडेला बसली. मशीन त्याच्या छातीत हवा भरत होतं, काढत होतं. लांबून खाडीपलीकडची खडखड आली आणि गेली. थोड्या वेळाने, सवयीने, तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

हात थरथरत होता.

तिने हात उचलला, पट्टीला लावला. पट्टी मुकी होती. पुन्हा त्याचा हात धरला. थरथर होती, पण ती एकसारखी बारीक झिणझिण नव्हती. मध्येच थांबून पंजा झटका खाई, पुन्हा थांबे. पेटी तर भाईदास घेऊन गेला होता. पाटावर बॅटऱ्या होत्या, भिंतीतला बोर्ड रिकामा होता. मग हे कुठून येत होतं?

आणि कधीपासून येत होतं, हे तिला सांगता येईना.

"तुम्ही हात पुढे करा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला. "बस थांबाडतस तसं."

लोटू तिच्याकडे बघून हसला. मास्कच्या कडेने डोळ्यांपर्यंत सुरकुत्या गेल्या. "बस उनी का?"

"करा ना."

त्याने दोन्ही हात उचलले आणि बोटं पसरून समोर धरले. खिडकीतून येणारा शेवटचा उजेड त्या पंजांवर पडला होता. ते आधी स्थिर राहिले. मग मनगटातून खाली पडले, वर आले, पुन्हा पडले, जसं बारीक तारेवर बसलेलं पाखरू तोल सावरतं.

"दख," लोटू म्हणाला. "सांचा चालू व्हई गया."

आता घरी थांबायचं नाही, असं म्हणत सरलाबाईने वैशालीला हाक मारली. वैशालीने फोन हातात घेऊनच ठेवला होता. खालच्या रिक्षावाल्याच्या बॅटऱ्या इथेच होत्या, त्याची रिक्षा हलणार नव्हती, म्हणून तिने रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला लावला. पार्सल अंकलेश्वरला पोचल्याचा दुकानाचा निरोप त्याच वेळी आला. तो तिने वाचला नाही. पलीकडे फोनची रिंग वाजत होती. लोटूने हात अजून खाली घेतले नव्हते.